दारावरची भेग: शहापुरातील एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे परीक्षण

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या घराच्या पुढच्या दाराच्या वर भिंतीला पडलेली भेग आम्हाला दोनदा दुरुस्त करून घ्यावी लागली. पहिली दुरुस्ती दोन पावसाळे टिकली. दुसरीला आता तीन पावसाळे उलटले आहेत आणि भिंत जागची हललेली नाही. हे परीक्षण त्या दुसऱ्या दुरुस्तीचे, म्हणजे एक स्थापत्य अभियंता बाई आणि त्यांच्या देखरेखीखाली काम करणारे एक वयस्क गवंडी या दोघांनी मिळून दिलेल्या सेवेचे आहे. हाती असलेलीच कामे उरकत नाहीत, म्हणून नाव छापू नका, असे दोघांनीही सांगितल्यामुळे मी त्यांची नावे देत नाही. मात्र त्यांनी काय केले, कोणत्या क्रमाने केले, खर्च किती आला आणि ते कोठे कमी पडले, हे नीट लिहिले तर जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला आपल्या गवंड्याला काय विचारावे एवढे तरी कळेल, या हेतूने हे लिहीत आहे.

घर आजोबांनी १९३८ साली बांधले. भाजलेल्या विटा, चुन्याचे बांधकाम, दीड विटेची म्हणजे सुमारे १४ इंच जाडीची भिंत, पुढे सोपा (ओसरी), वर माडी आणि त्यावर मंगळुरी कौले, अशी त्या काळच्या शहापूर-वडगाव भागात सर्रास आढळणारी रचना आहे. पुढचे दार चार फूट रुंद असून त्याच्या चौकटीवर कोरीव गणेशपट्टी आहे. वरच्या विटांचा भार ही चौकट पेलते असा पुष्कळांचा समज असतो आणि आमचाही तोच होता. प्रत्यक्षात चौकटीच्या वर, गिलाव्याआड, ऐनाच्या (आमच्याकडे त्याला मत्ती म्हणतात) तीन जाड फळ्या शेजारी शेजारी भिंतीच्या जाडीत बसवलेल्या होत्या आणि सगळे ओझे त्यांच्यावर होते. ८० वर्षांत त्या फळ्या घरातल्या कोणीही पाहिलेल्या नव्हत्या.

ऑगस्ट २०१९ मधल्या पावसाने आणि पुराने बेळगाव जिल्ह्यात असंख्य घरे पडली. आमचे घर उभे राहिले, पण त्या दिवाळीच्या साफसफाईत दाराच्या डाव्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली भेग दिसली. २०२०च्या सुरुवातीला एका ठेकेदाराने ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खरवडली, सिमेंटच्या मसाल्याने भरली, वर तारेची जाळी ठोकून गिलावा केला आणि रंग दिला. दोन दिवसांत काम झाले, सात हजार रुपये गेले आणि भिंत नव्यासारखी दिसू लागली. भेग का पडली हे त्याने पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याला ते विचारले नाही. २०२२च्या जुलैत भेग पुन्हा उघडली. सिमेंट भरलेली रेघ तशीच घट्ट राहिली होती आणि तिला लागून दोन बोटांवर नवी चीर गेली होती. सिमेंटच्या कडेच्या विटांचे पापुद्रे सुटत होते. चुन्यातली जुनी वीट मऊ असते, चुन्याचा सांधा तिच्याहूनही मऊ असतो, आणि भिंतीची बारीकसारीक हालचाल व ओल तो सांधा आपल्यावर घेतो. त्या जागी विटेहून कठीण सिमेंट भरले की हालचाल विटेला सोसावी लागते आणि ओल बाहेर पडायला विटेखेरीज दुसरी वाट उरत नाही. हे मला पुढे अभियंता बाईंकडून समजले, परंतु त्याचा पुरावा आमच्याच भिंतीवर होता.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी भेगेकडे पाहण्याआधी आईला विचारले की दार घट्ट कधीपासून लागते. आईने सांगितले की पावसाळ्यात ते पूर्वीपासूनच फुगते, पण गेल्या दोन वर्षांत उन्हाळ्यातही डावी कडी बसत नाही. त्यानंतर त्या माडीवर गेल्या आणि तिथल्या जमिनीच्या तुळया कोणत्या दिशेने टाकल्या आहेत हे त्यांनी पाहिले. एका तुळईचे टोक नेमके दारावर, फळ्यांपासून सुमारे दोन फूट उंचीवर भिंतीत विसावलेले निघाले. मग त्यांनी घराला बाहेरून फेरी घातली, जोते पाहिले, खिडक्यांचे कोपरे पाहिले, ओळंबा सोडून भिंत पाहिली आणि शेवटी दाराच्या डाव्या अंगाला वर बोट दाखवले. कौलांखालची पत्र्याची पन्हळ तिथे वाकली होती आणि पावसाचे पाणी नळातून खाली न जाता नेमके दाराच्या डाव्या खांद्यावर भिंतीत मुरत होते. भिंतीवरचा हिरवट डाग आम्ही रोज पाहत होतो. त्याचा आणि भेगेचा काही संबंध असेल, हे मात्र आमच्या मनात कधी आले नव्हते.

ही तपासणी दीड तास चालली आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हाच होता. त्यांनी समजावून सांगितलेला हिशेब असा की दारावरची सगळी भिंत फळ्यांवर बसलेली नसते. दोन्ही बाजूंना पुरेशी भरीव भिंत असेल तर विटा आपसांत कमान धरतात आणि वरचा भार दोन्ही बाजूंना उतरवतात. फळ्यांवर येतो तो ढोबळमानाने एका समभुज त्रिकोणाचा भार. आमच्या चार फुटी दारावर आणि १४ इंची भिंतीत त्या त्रिकोणाचे वजन ४०० किलोंहून थोडे अधिक भरते. मात्र माडीच्या तुळईचे टोक त्या त्रिकोणाच्या आत येत असल्याने तिचा भारही फळ्यांना वाहावा लागत होता. फळीचे भिंतीत गेलेले टोक ओलीने कुजले की ती त्या बाजूला खचते, त्रिकोण तिच्याबरोबर खाली येतो आणि त्याच्या दोन बाजू भिंतीवर भेगेच्या रूपाने उमटतात. उजव्या बाजूलाही केसासारखी बारीक रेघ होती. ती आम्ही पाहिली नव्हती, त्यांना दिसली. दोन्ही रेघा वर एकमेकींकडे झुकत होत्या आणि डावी भेग चौकटीपाशी सहा मिलिमीटर रुंद असून वर निमुळती होत गेली होती. ब्रिटनच्या इमारत संशोधन संस्थेने भेगांची जी प्रतवारी केली आहे तिच्यानुसार पाच मिलिमीटरपर्यंतची भेग किरकोळ आणि पाच ते पंधरा मिलिमीटरची मध्यम समजली जाते. पण निव्वळ रुंदीवरून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये, भेग कोठून निघून कोठे जाते हे अधिक सांगते, असे बाईंचे म्हणणे होते.

पाया खचल्याची शंका मात्र त्यांनी तेवढ्यावर सोडली नाही. बेळगाव शहराच्या पश्चिमेला खानापूरकडे तांबडी माती व जांभा, तर पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे त्या भागातल्या घरांच्या भेगा ऋतूनुसार उघडतात आणि मिटतात. तशी भेग असेल तर दारावरची फळी बदलून काहीही साधत नाही. आमचे घर तांबड्या मातीवर आहे, तरीही त्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भेगेवर तीन ठिकाणी आणि जोत्याजवळ एका ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या मसाल्याने चिकटवल्या व प्रत्येकीशेजारी तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते, इतकी ही साधी युक्ती आहे. त्याच दिवशी गणेशपट्टीखाली लाकडी फळी लावून दोन लोखंडी टेकू दिले, कारण पाहणी चालू असताना दार पडले तर त्या पाहणीला अर्थ उरत नाही. दिवाळीपर्यंत फळ्यांलगतच्या दोन काचा तडकल्या, वरची शाबूत राहिली, जोत्याजवळचीही शाबूत राहिली. पाया स्थिर आहे आणि दोष दारावरच आहे, हे त्यावरून ठरले. पाच महिने सोप्यातून ये-जा करताना टेकू चुकवावे लागले, पाहुण्यांना मागच्या दाराने बोलवावे लागले आणि त्याबद्दल घरात कुरबूरही झाली. आज विचाराल तर तो वेळ वाया गेला असे घरातले कोणीही म्हणणार नाही.

प्रत्यक्ष काम जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीनंतर सुरू झाले. बाईंनी कामाचा क्रम कागदावर लिहून दिला होता आणि त्यात पहिल्या क्रमांकावर भिंत नव्हती, पन्हळ होती. जुना पत्रा काढून नवी पन्हळ योग्य उताराने बसवली आणि तिचा नळ दारापासून दूर, गटारापर्यंत नेला. त्यानंतर दारावरचा गिलावा उतरवला. बाहेरच्या फळीच्या डाव्या टोकात गवंड्यांनी पेचकस टोचला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला. मधली फळी निम्मी गेलेली होती, आतली चांगली होती. चांगली फळी राहू द्यावी असे मला वाटत होते, पण एका भिंतीखाली एक लाकडी आणि एक काँक्रीटचा आधार ठेवला तर दोन्ही सारखे वाकत नाहीत आणि भार वाटून घेत नाहीत, असे सांगून बाईंनी तिन्ही फळ्या काढायचे ठरवले.

भार उचलून धरण्याची पद्धत मी जवळ उभी राहून पाहिली. त्रिकोणाच्या वर, एकमेकांपासून अडीच फुटांच्या अंतरावर भिंतीला दोन आरपार भोके पाडून त्यांतून लोखंडी आडवे बार घातले आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांखाली टेकू उभे केले. माडीच्या तुळईला आतून वेगळा टेकू दिला. शहाबादी फरशीवर टेकूचे टोक एका बिंदूवर दाबू नये म्हणून खाली जाड फळ्या अंथरल्या. टेकू आवळताना गवंडी दर वेळी अर्धाच फेरा देत आणि भेगेकडे पाहत, कारण जास्त आवळले तर भिंत वर उचलली जाऊन नवी भेग पडते. त्यांच्या हाताखालची दोन मुले बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी होती. गवंडी मराठीत सांगत आणि गरज पडली की कन्नडमध्ये. मुले त्यांना गौंडी म्हणत आणि आम्ही गवंडी, एवढाच काय तो फरक. गणेशपट्टीला धक्का लागेल या भीतीने आई सारखी पुढे येत होती. तिला ते म्हणाले, “आक्का, पट्टी हालत न्हाई, तुमी आत बसा,” आणि त्यांनी गोणपाट गुंडाळून ती बांधून ठेवली. पट्टीला एक ओरखडाही आला नाही.

नवे लिंटल, म्हणजे फळ्यांच्या जागी बसवायचा काँक्रीटचा आडवा आधार, डिसेंबरमध्येच त्यांच्या आवारात ओतून ठेवलेले होते. साडेपाच फूट लांब, सात इंच रुंद आणि सहा इंच जाड असे दोन तुकडे करून, १४ दिवस पाण्यात ठेवून, २८ दिवस पुरे झाल्यावरच ते आमच्याकडे आणले. लांबी साडेपाच फूट अशासाठी की चार फुटांच्या दाराच्या दोन्ही अंगांना नऊ-नऊ इंच टेकण मिळावे. दोन तुकडे अशासाठी की भिंत एका वेळी अर्ध्याच जाडीत उघडावी. आधी बाहेरच्या बाजूचे लाकूड काढून तिथला तुकडा बसवला, तो पक्का झाल्यावर आतला. एकेक तुकडा शंभर किलोंच्या वर होता आणि चार माणसांनी तो उचलून सरकवला. दोन्ही टोकांखाली घडीव काळ्या दगडाची बैठक दिली, कारण डाव्या बाजूच्या विटा ओलीने ठिसूळ झाल्या होत्या. लिंटल आणि वरच्या विटा यांमधल्या इंचभर फटीत एकास तीन प्रमाणाचा, मुठीत दाबला तर गोळा होईल इतपतच ओला मसाला ठासून भरला. हा मसाला पातळ केला तर सुकताना आकसतो, फट राहते आणि भिंत पुन्हा तेवढी खाली बसते. इथे सिमेंट चालते, कारण ते काँक्रीटला भिडते आहे, असे गवंड्यांनी मी न विचारताच सांगितले.

त्रिकोणातल्या सुट्या झालेल्या विटा उतरवून, घासून, त्यांपैकी बहुतेक पुन्हा वापरल्या आणि कमी पडल्या तिथे खानापूरच्या विटा घेतल्या. नव्या विटांचा आकार जुन्यांशी जुळेना, म्हणून त्या आतल्या बाजूला, नजरेआड बसवल्या. सांध्यांसाठी आठवडे आधी भिजवून ठेवलेला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड) आणि दोन भाग वाळू असा मसाला घेतला. त्रिकोणाच्या वर जिथे भेग होती पण विटा हललेल्या नव्हत्या, तिथे भिंत न उसकटता तिला टाके घातले. चार ठिकाणी आडवा सांधा तीन सेंटिमीटर खोल कोरून त्यात सहा मिलिमीटर जाडीचे, पिळाचे स्टेनलेस स्टीलचे गज, भेगेच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मीटर जातील असे, भरणीच्या मसाल्यात बसवले. हे गज आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागले आणि त्यातच काम अडले. साधी लोखंडी सळी चालणार नाही का, असे मी विचारले होते. चुन्याच्या ओलसर सांध्यात साधी सळी गंजते, गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि सांधा आतून फोडतो, हे उत्तर मला पटले. शेवटी ओले बारदान टांगून १२ दिवस भिंत ओली ठेवली. चुना हवेतला वायू घेत घेत हळूहळू धरतो, त्यामुळे उन्हात त्याला घाईने वाळू देऊन चालत नाही.

एकूण खर्च ५१ हजार ५०० रुपये आला. त्यात मजुरी १९ हजार ५००, गज व त्यांचा मसाला ७ हजार ८००, दोन्ही लिंटल ६ हजार ५००, पन्हळ ६ हजार आणि बाईंची फी ४ हजार होती. बाकीचे पैसे चुना, सुरखी, विटा आणि टेकूंच्या भाड्यात गेले. पहिल्या दुरुस्तीच्या सातपट पैसे गेले हे खरे, पण ती पहिली रक्कम पूर्णपणे वाया गेली आणि शिवाय तिने भरलेले सिमेंट छिन्नीने काढण्यात दोन दिवसांची मजुरी गेली, हेही त्यात धरले पाहिजे.

आता उणिवांविषयी. खर्चाचा लेखी अंदाज आम्हाला आधी मिळाला नाही. तोंडी ४० हजार सांगितले होते, आणि गजांचा खर्च त्यात धरलेला नव्हता हे काम अर्ध्यावर आल्यावर कळले. कामाचा क्रम ज्यांना इतका नेटका लिहिता येतो त्यांनी दराचा कागदही द्यायला हवा होता आणि ही तक्रार मी त्यांच्यापाशी स्पष्ट केली. काम ठरल्यापेक्षा ११ दिवस लांबले. धुळीचा बंदोबस्त अपुरा होता. माजघराच्या दाराला पडदा आम्हीच लावला, आणि राडारोडा उचलायला वेगळी गाडी बोलवावी लागली. आरपार भोके बुजवली ती आतल्या बाजूने ओबडधोबड राहिली आहेत आणि नव्या गिलाव्याचा पोत जुन्याशी जुळत नाही. सोप्यात शिरताच ते ठिगळ डोळ्यांत भरते. भिंतीच्या मजबुतीशी याचा संबंध नाही, तरीही ज्या गवंड्यांचा हात चुन्यात इतका बसलेला आहे त्यांच्याकडून शेवटच्या हातातही तीच काळजी अपेक्षित होती.

ही सेवा सर्वांनी घ्यावी असे मी म्हणणार नाही. गिलाव्यावर केसाएवढी रेघ असेल, वर्षानुवर्षे ती तेवढीच असेल आणि दार-खिडकी नीट लागत असेल, तर चुन्याने दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरून घेणे पुरेसे आहे आणि त्यासाठी चांगला गवंडी बस्स. भेग जोत्यापासून माडीपर्यंत गेलेली असेल किंवा ऋतूनुसार उघडझाप करत असेल, तर प्रश्न पायाचा आहे आणि त्याचे काम व खर्च निराळा. पण दाराच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्यांनी चढणारी आणि वाढत जाणारी भेग असेल, दार अडकू लागले असेल, तर भेग भरायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा एवढेच विचारावे की तो टेकू कोठे देणार आहे. टेकूची गरज नाही असे तो न पाहताच म्हणाला, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम संपल्यावर बाईंनी टाके घातलेल्या जागेवर नवी काचपट्टी लावली आणि तारीख लिहिली. दर दिवाळीला येऊन त्या ती पाहून जातात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही पावसाळ्यांनंतर ती पट्टी अखंड आहे. नव्या-जुन्या गिलाव्याच्या सीमेवर एक बारीक रेघ उमटली आहे, ती वाढलेली नाही. डावी कडी एका बोटाने बसते. मृग लागण्यापूर्वी पन्हळीतला पाला काढायचा, ही एक जबाबदारी त्यांनी आमच्यावर सोपवली आहे आणि ती आम्ही पाळतो. यंदाच्या भेटीत त्यांनी मागच्या दारावरचा थोडा गिलावा खरवडून पाहिला. तिथेही त्याच तीन फळ्या आहेत, लाकूड अजून टणक आहे, पण परसाकडची ओल त्यांच्या टोकांपर्यंत पोचू लागली आहे. ते काम संक्रांतीनंतर याच दोघांकडून करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे, आणि या वेळी दरांचा कागद आधी मागून घेतला आहे.